ताईची तिन्ही उत्तरं चूक

गेल्या शुक्रवारी अहमदपूरला ताईकडे जाऊन आलो. पाहुणा म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय... लिहून टाकतो.

सकाळी साडेदहाला तिचा फोन आला. आदल्या दिवशी लाइट सारखी जात होती आणि आता कॉम्प्युटर तिचा नेहमीचा पिन घेत नव्हता, पासवर्ड मागत होता. पासवर्ड दोन वर्षांपूर्वी मीच टाकलेला, आणि मलाच आठवेना.

कॉम्प्युटरही माझाच जुना. भाऊबीजेला ओवाळणी म्हणून मी तो तिला दिला होता आणि आमचा दोघांचा फोटो इथेच टाकला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी 'भाऊ असावा तर असा' लिहिलं होतं... मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

ताई अकरा वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवते. एका शिक्षकभरतीचा अर्ज त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होता, आणि वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष. तिची मूळ कागदपत्रं शाळेनं कपाटात ठेवून घेतलेली. हातापाया पडून एका दिवसासाठी ती घरी आणली आणि सगळं स्कॅन करून या कॉम्प्युटरमध्ये ठेवलं... दुसरीकडे कुठेही नाही.

"शेवटच्या दिवसापर्यंत काय केलंस?" म्हणून मी फोनवरच तिला झापलं. साइट चार दिवस हँग होती, हे तिनं नंतर सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

फोनवर तासभर खटपट केली, मग ऑफिसातून हाफ डे टाकून एसटी धरली. नांदेड, लोहा करत पोचेपर्यंत अडीच वाजले. गावातल्या कॉम्प्युटरवाल्यानं दाजींना सांगितलं होतं, ठेवून जा, सोमवारी बघतो.

आठवतील ते पासवर्ड टाकून पाहिले, सगळे चूक. मग स्क्रीनवर पासवर्ड बदलायचा पर्याय आला, त्यासाठी तीन प्रश्न. जन्म कोणत्या गावी, लहानपणीचं टोपणनाव काय, पहिली शाळा कोणती.

मी खूश! म्हटलं, एवढंच ना... दोन मिनिटांचं काम. ताईला शेजारी बसवलं, कीबोर्ड मात्र माझ्यापुढेच ठेवला.

भोकर, म्हणजे आमचं आजोळ. बेबी. आणि झेडपीची शाळा. तिनं भराभर सांगितलं, मी टाकलं... चूक.

तिन्हीतलं नेमकं काय चुकलं, हे ते यंत्र सांगत नाही. शाळेचं नाव पूर्ण लिहून पाहिलं, अर्धं लिहून पाहिलं. घड्याळात चार वाजले आणि माझा आवाज चढत गेला.

"ताई, जरा डोकं चालव ना. स्वतःचं गाव आठवत नाही का तुला?" असं मी म्हणालो. मोठ्या बहिणीला, तिच्या घरात, दाजींसमोर.

दाजींनीही भर घातली, "अगं, लोह्याच्या दवाखान्यात झाली असशील तू. भोकरला त्या टायमाला कुठं काय सोय होती?"

"माझा जन्म मला म्हाईत न्हाई का?" ताई एकदाच चिडली. "मी काय खोटं बोलून राहिले का तुमच्यासंग?" आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "आईला तरी विचार बाबा... आता मलाच काही समजंना गेलंय."

पावणेपाचला आईला फोन लावला. आई म्हणाली, "पयलं बाळंतपण माहेरीच असतंय की रे. बेबी भोकरचीच हाय. तू तेवढा नांदेडचा."

तू तेवढा नांदेडचा...

ती भाऊबीज आठवली. ताई आत माझ्यासाठी पुरणपोळ्या लाटत होती आणि मी बाहेर बसून कॉम्प्युटर सेट करत होतो. प्रश्न तेव्हाही हेच आले असणार. हाक मारली असती तर पिठाचे हात घेऊन ती दारात आली असती. मी हाक मारली नाही, माझीच उत्तरं टाकून मोकळा झालो.

नांदेड. पिंट्या. आणि फी भरून मला घातलेली इंग्लिश स्कूल, जिथं ताईला कधी घातलं नव्हतं. कॉम्प्युटर लगेच उघडला.

पाचला आठ कमी होते. ताईनं अर्ज उघडला, फोटो गेला, सही गेली... तिसरा कागद अपलोड होता होता पाच वाजले आणि पान बंद झालं. आम्ही उगाच अजून पंधरा मिनिटं बटण दाबत बसलो.

ती रडली नाही, भांडली पण नाही. फक्त म्हणाली, "म्हंजी माझं बरोबरच होतं ना रे?"

मी "हाव" म्हणालो. माफी मागायला हवी होती, ते तोंडातून निघालंच नाही. ती उठून चहा टाकायला गेली.

निघायच्या आधी तिला म्हटलं, आता उत्तरं तुझी तू टाक. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "तोंड कर तिकडं." मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तीन उत्तरं टाकायला तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

परतीच्या एसटीत तो भाऊबीजेचा फोटो डिलीट करायला घेतला होता. पण त्याखाली ताईची कमेंट आहे, 'लई उपकार झाले रे भावा'... म्हणून ठेवलाय तसाच. तुम्ही तेव्हा केलेलं कौतुक मात्र मनातून परत घ्या.