चेंबरखालचा ठोका

वाहतूक आमच्या रक्तातच आहे. गोण्या बैलांच्या पाठीवर लादून आमच्या पूर्वजांनी मुलूख पालथे घातले, हे तांड्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमात हार घातलेला पहिला वक्ता सांगतो आणि दुसराही सांगतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे मला मान डोलवावी लागते. प्रत्यक्षात माझ्या रक्तात गेल्या वर्षी फक्त साखर निघाली, आणि मालाची वाहतूक आमच्या घरात एकटा थोरला भाऊ करतो, बावीस वर्षांच्या ट्रकवर.

दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्या ट्रकने ठोका धरला. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू ठेवलं की खालून टक्, टक्-टक्; रेस दिली की गायब. भावाने दोन दिवस टेप मोठा लावून गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी टेप बंद केला आणि मला म्हणाला, "चाल आर्णीले. मिस्त्री काय म्हणते ते तू बी आयक." वाईट बातमी ऐकायला शिकलेलं माणूस सोबत असावं, अशी आमच्या घरात पद्धत आहे.

वाईट बातमी म्हणजे क्रँकचं बेरिंग. हे इंजिन एकदा उघडलं होतं, तेव्हाच क्रँक घासून शेवटच्या मापावर आली होती. आता पुन्हा घासायला जागा नव्हती. भावाने वाटेतच सांगून टाकलं, की बेरिंग निघालं तर गाडी भंगारात, आणि तो बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. हे तो रस्त्यावरची नजर न काढता बोलला, शेजाऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं. पुढच्या फाटकावर गाडी थांबली आणि खालून टक्-टक् सुरू झालं. दोघंही समोर बघत राहिलो.

मिस्त्री सत्तरीचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने हातानेच सगळ्यांना गप्प केलं, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तोवर चहाच्या टपरीवरून आलेल्या दोन ड्रायव्हरांनी निदान उरकलं होतं. एक म्हणाला नोझल, दुसरा म्हणाला वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. दोघांनाही शंका नव्हती.

मग मिस्त्रीने नोझलला डिझेल नेणाऱ्या नळ्या एकेक करून ढिल्या केल्या. ढिल्या केलेल्या नळीचा सिलिंडर बंद पडतो, इंजिन लंगडतं, आणि ठोका त्याच सिलिंडरचा असेल तर नरम पडतो. एकूण सहा नळ्या. भाऊ बोटांवर मोजत होता. सहावी ढिली झाली तरी ठोका होता तसाच.

"कोन्तंच नाही," मिस्त्री म्हणाला. "पन पेचकस तं चेंबरवर बोंबलून राह्यला."

चेंबर म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी. तिच्या वरच क्रँक असते. भावाने विचारलं, "मंग बेरिंगच?"

"बेरिंग असतं तं रेसवर वाढलं असतं. हे कमी होते." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या इतिहासात हाय का असं काही?"

मी म्हटलं, इतिहासात आवाज थांबल्यावरच निदान होतं. कोणी हसलं नाही.

ऑइल टबमध्ये काढलं. मिस्त्रीने थोडं तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. बेरिंग झिजत असेल तर तेलात धातूचा चुरा चमकतो. भाऊ तेलाकडे पाहतच नव्हता, माझ्या तोंडाकडे पाहत होता. मिस्त्रीने हात इकडून तिकडे कलता केला. नुसतं काळं. तरीही चेंबर उतरवावं लागेल म्हणाला आणि पोतं अंथरून गाडीखाली सरकला. भाऊ जुन्या टायरवर बसला.

मग खालून मिस्त्रीचा हात बाहेर आला. भावाने सवयीने त्यात पाना ठेवला. हाताने तो टाकून दिला, आत गेला आणि पुन्हा आला तेव्हा मुठीत पितळेची घंटी होती, चिखलाने गच्च भरलेली, वरच्या कडीत तारेचा तुकडा.

"काहून रे," गाडीखालून मिस्त्री म्हणाला, "बैल हाय का हे?"

तार सैल होऊन घंटी चेंबरवर आपटत होती. इंजिन मंद असलं की जास्त हलतं, म्हणून तेव्हाच. आत चिखल, म्हणून ती किणकिणत नव्हती, ठोकत होती. दसऱ्याच्या पूजेत आम्ही समोर हार बांधत असताना याडी, म्हणजे आमची आई, बंपरखाली वाकली होती. चाकाखाली लिंबू ठेवत असेल असं आम्हाला वाटलं.

भावाने घंटी स्वतःच्या शर्टाला पुसली. "आजाच्या बैलाची हाय," एवढंच म्हणाला. आजाच्या शेवटच्या बैलाची घंटी आम्ही लहानपणी वाजवलेली. ऑइल भरून निघालो, भावाने घंटी डॅशबोर्डवर ठेवली आणि घरापर्यंत त्याने टेप लावला नाही. मीही, कबूल करतो, पुढच्या कार्यक्रमासाठी चार वाक्यं मनात जुळवायला लागलो होतो.

याडी अंगणात भेंड्या चिरत होती. भावाने घंटी तिच्यापुढे ठेवली आणि आजाची खूण अशी चिखलात का बांधली, असं हळूच विचारलं. तिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि आमच्या बोलीत समजावलं, की ही पुसदच्या बाजारातली. दिसेल तिथे बांधली असती तर नजर लागली असती, म्हणून खाली. आजाची घंटी तिने आमच्या शाळेच्या दिवसांतच इतर पितळेबरोबर मोडीत देऊन कुकर घेतला होता.

कुकर अजून आहे. तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ होते.