मोदकांसह अपील

वॉटफर्डच्या आमच्या घरात स्वयंपाकघरातून मागच्या बागेत उतरायला उंच पायऱ्या होत्या. सासऱ्यांना त्या उतरवत नसत. ते दोन घरांमधल्या पॅसेजमधून वॉकर ढकलत बागेत जायचे आणि इंग्लंडात जेवढं म्हणून ऊन मिळतं तेवढं अंगावर घेत बसायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा कुत्रा एकदा तिथून पळाला, म्हणून त्यांनी पॅसेजला गेट बसवून कुलूप घातलं. झालं, आमच्या यांचा पारा चढला. दोन शब्द बोलून मिटलं असतं, पण हे डॉक्टर, त्यातून पुण्याचे. थेट काउंटी कोर्टात गेले आणि हरले. पॅसेज बाईंचाच ठरला. सासरे खिडकीत बसू लागले.

"अपील करणार," हे म्हणाले आणि कारणं लिहायला बसले. बाईंचा कुत्रा भुंकतो, जज्जसाहेब जांभया देत होते, असं बरंच काही. सॉलिसिटरने सगळ्यावर काट मारली. "डॉक्टर, तीच केस पुन्हा सांगायची नसते. जज्जचं कुठे चुकलं तेवढंच लिहायचं. आणि चार आठवड्यांच्या आत नोटीस आधी समोरच्या पार्टीला द्यायची, मग लंडनच्या अपील कोर्टात नोंदवायची."

म्हणजे लंडनच्या एवढ्या मोठ्या कोर्टातलं अपील सुरू व्हायचं ते शेजारणीच्या दारात. पोस्टानेही चाललं असतं, पण शेजारी पाठवायला तिकीट लावणं यांच्या तत्त्वात बसेना.

हे निघाले तेव्हा घरात गणपती बसले होते. सासरे खिडकीतून म्हणाले, "सणाच्या दिवशी लोकांकडे रिकाम्या हाताने जातोस?"

"बाबा, मी नोटीस सर्व्ह करायला चाललोय."

"कर की. मोदकही दे."

मी मोदकांवर तूप सोडून बशी हातात दिली. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात बशी, असे आमचे अपीलवाले रुबाबात गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "आधी बशी घेतली तिने."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः बशी परत घेऊन आल्या. बशीत गेटची किल्ली होती. रिकामी बशी परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे.

"पॅसेज माझा असं कोर्टच म्हणालंय," त्या यांना म्हणाल्या. "मग तिथून कोण जाईल ते मी ठरवणार. मला आधी कुणी विचारलंच नाही."

हे किल्लीकडे बघत राहिले. ती घ्यायची म्हणजे पॅसेज बाईंचा हे कबूल करायचं, आणि नोटीस तर इतकी झकास जमली होती. मला हसू येत होतं आणि यांची कीवही येत होती.

सासऱ्यांनी वॉकर धरला. "अपील कर हो तू, पार वरपर्यंत जा," ते म्हणाले. "पण आधी माझी खुर्ची बाहेर ठेव. ऊन चाललंय."