ऊ येऊ नये म्हणून

पहिलीत असताना मी एका अक्षराला जितकी भ्याले, तितकी पुढं कुणालाच भ्याले नाही.

धारूरच्या बाजूला डोंगरात आमचं गाव. शाळेत पहिलीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा आणि चित्रांचा तक्ता टांगलेला होता. पाऊस सरेपर्यंत मॅडमनी आमच्याकडून नुसत्या रेघोट्या ओढून घेतल्या, मग अक्षरं सुरू झाली. अ अननसाचा. अननस आमच्यापैकी कुणी बापजन्मात पाहिला नव्हता, पण ओरडायचो असं की घरोघरी त्याचीच भाजी शिजते! पुढं आ आईचा. चित्रातली आई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली होती. ती मला फार आवडायची. त्याच ओळीच्या शेवटी उसाचं चित्र होतं. खालचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण ऊस ओळखायला आमच्या गावात शाळा लागत नाही.

दिवाळी झाली की आई-बाबा ऊसतोडीला जायचे, ते कारखाना बंद झाल्यावरच परतायचे. आजवर मीही त्यांच्याबरोबर जात होते. या वर्षी शाळेसाठी मला चुलतीकडं ठेवणार होते.

"तू कवा जाणार?" मी आईला विचारलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ऊस आला की जायाचं, बाई."

झालं! ऊस कुठवर आलाय ते मला रोज वर्गात दिसत होतं. अननस गेला, आई गेली, इमारत गेली. सगळ्या वर्गाचं अक्षर पक्कं झाल्याशिवाय मॅडम पुढं सरकत नसत, हे मी हेरलं होतं. म्हणून उ आल्यावर मी तिथंच बसकण मारली. मुद्दाम उलटा काढायचा, विचारलं की गप्प. पोरं मला ढब्बू म्हणायला लागली. म्हणोत. माझी आई घरात होती.

मॅडमनी आईला बोलावून घेतलं. "पोरगी हुशार आहे हो, पण उ वर अडलीय."

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला ते फार लागलं. संध्याकाळी तिनं परातीतल्या पिठात माझं बोट धरून उ गिरवून घेतला. मी मुकाट गिरवला. आई इतकी खूश झाली की तिनं स्वतःच त्याला शेपूट जोडलं.

"हे बघ, झाला ऊ. ऊ उसाचा. लई सोपं हाय."

मी किंचाळले. दोन्ही हातांनी पीठ विस्कटून टाकलं.

"आगं, कशापायी रडतीस?" आई घाबरून विचारत राहिली. पण सांगितलं तर ते खरं होईल, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर दारात ट्रॅक्टर आला. आई मला कवटाळून रडली आणि ट्रॉलीत चढली. तिला वाटलं, मी तिच्या जाण्यानं रडतेय. मी रडत होते, कारण उ ला शेपूट तिनंच जोडलं होतं.

मग मला एक उपाय सुचला. पुढं वाचून आई जाते, तर मागं वाचून यायला हवी. रोज सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन मी चित्रांवर बोट ठेवत उलटी यायचे. ऊ, उ, ई, इ, आ. आईवर बोट आलं की थांबायचे. बोट टेकलं नाही तर ती वाटेतच अडकेल, अशी धास्ती असायची. एक दिवसही चुकवला नाही, तापातसुद्धा गेले.

उन्हाळ्यात आई आली. काळीठिक्कर, हडकुळी. पण आली. कुणी आणली, ते फक्त मला माहीत होतं.

जूनमध्ये आम्हाला दुसरीच्या खोलीत बसवलं. बाकीची पोरं जागेसाठी भांडत होती. मी चारी भिंती पाहिल्या. पाढे होते, नकाशा होता. आईला परत आणायचा तक्ता नव्हता. आणि पहिलीच्या खोलीत नवीन पोरं तक्त्यावरची चित्रं बघून आत्तापासूनच मोठ्यानं अननस म्हणत होती.