अमेरिकेहून आलेला हिच

कॅरवॅन घेण्याआधी माझा आणि वैशालीचा संसार सुरळीत चालला होता.

मग विलायतेतल्या स्लाऊच्या आमच्या घरासमोर ती सेकंडहँड कॅरवॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, येऊन उभी राहिली आणि माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. (तो झोपतो कधी, असं वैशाली विचारते.) तीन आठवडे मी अमेरिकन व्हिडिओ पाहिले. त्यांतले टोपीवाले लोक छातीठोकपणे सांगत होते, 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच' घ्या! गाडी आणि कॅरवॅन जोडणारं हे लोखंडी धूड भार सगळ्या चाकांवर वाटून देतं म्हणे. ते नसलं तर कॅरवॅन डुलणार, गाडी उलटणार, कुटुंब संपणार!

शेजारचा किथ तीस वर्षं कॅरवॅन ओढतोय. तो कुंपणावरून म्हणाला, "इथल्या कॅरवॅनला ते लागत नाही. जड सामान चाकांच्या वर येईल असं ठेव, झालं."

झालं म्हणे! एवढं सोपं असतं तर अमेरिकेत इतके व्हिडिओ कशाला निघाले असते? मी हिच मागवला.

खोकं उतरवायला दोन माणसं लागली. शनिवारभर मी दांडे, साखळ्या आणि बोल्ट यांच्याशी कुस्ती खेळलो. हिच कुठेच बसेना.

"बाबा, हा आपला कॅरवॅनला फिट होणार नाही," रिया म्हणाली. आमची मुलगी इथेच जन्मली. तिच्या मराठीत लिंगवचन ऐच्छिक आहे. "मॅन्युअलमध्ये लिहिलाय, अमेरिकन ट्रेलर ओन्ली."

"अहो, परत पाठवा ना!" वैशाली म्हणाली.

हार मानायची? मी? "सुट्टीला डेव्हनला जातोच आहोत, तिथल्या कॅम्पसाइटवर कुणी जाणकार भेटेल, तो बसवून देईल," असं म्हणून मी ते खोकं कॅरवॅनच्या पार मागच्या टोकाला ठेवलं. त्यावर कुकर, मिक्सर आणि दहा किलो तांदूळ.

मोटरवेवर एक भलीमोठी लॉरी शेजारून गेली आणि कॅरवॅन डुलायला लागली. आधी थोडी, मग लग्नाच्या वरातीत नाचल्यासारखी! स्टिअरिंग माझं ऐकेना. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको! नुसता अॅक्सिलरेटर सोडा!" वैशाली किंचाळली.

सोडला. वेग उतरला, कॅरवॅन शांत झाली.

"तुला कसं माहीत?"

"किथला विचारलं होतं. माणसाला विचारता येतं, अहो!"

पुढच्या सर्व्हिसेसला, मोटरवेवरच्या चहापाण्याच्या थांब्यावर, थांबलो. शेजारच्या कॅरवॅनमधल्या सत्तरीच्या बाई चहाचा मग घेऊन आल्या. त्यांनी आमची कॅरवॅन गाडीपासून सोडवायला लावली आणि तिचं पुढचं टोक एका हाताने, चहा न सांडता, वर उचललं.

"मागे काय भरलंय एवढं?"

"हिच," मी म्हणालो.

"कशासाठी?"

"कॅरवॅन डुलू नये म्हणून."

बाईंनी चहाचा मग खाली ठेवला. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "ते गाडीत हलव," त्या म्हणाल्या, "आणि किल्ली बायकोला दे."

डेव्हनपर्यंत वैशालीने गाडी चालवली. कॅरवॅन जराही डुलली नाही. मी मागे, शेजारी सीटबेल्ट लावलेलं खोकं. रियाने पुढून वळून फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला:

"ऑल सेफ! सगळा जड सामान मागच्या सीटवर ठेवला. बाजूला हिच पण आहे."