देव्हाऱ्यातला प्लॅस्टिकचा शिपाई

प्लॅस्टिकवर रंग बसत नाही. बसला असं वाटतं, चार दिवस छान दिसतो, मग नखाने ओढला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून येतो. मला हे माहीत होतं, कारण सांगलीच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो तिथे शेतीचे पंप रंगवले जात आणि अस्तर, रंग, वॉर्निश, थिनर यांचे डबे माझ्या ताब्यात असत. कुठला डबा कशावर चालतो आणि कशाचा सत्यानाश करतो, हे रंगाऱ्यांच्या तक्रारी ऐकून पाठ झालं होतं. ही माहिती घरच्या कामाला एकदाच आली. त्यातून कोणाचंही भलं झालं नाही.

आमचं गाव पाटणच्या बाजूला. एकाहत्तरच्या लढाईत माझा थोरला भाऊ बेपत्ता झाला. मारला गेला असं कोणी कळवलं नाही, पकडला गेला असंही नाही. कैदी परत आले, त्यांत तो नव्हता. बरोबरच्या एका जवानाने घरी येऊन सांगितलं की शेवटचा पाहिला तेव्हा तो चालत होता. या एका वाक्याचे घरात दोन अर्थ झाले. वहिनी म्हणत, चालत होते म्हणजे जिवंत आहेत. आई काहीच म्हणत नसे, पण तिने त्याचं ताट वाढून ठेवणं बंद केलं.

वहिनी कुंकू लावत, हिरव्या बांगड्या घालत. गावातल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलावत, पण ओटी भरायची वेळ आली की कोणीतरी दुसरीकडे बघे.

पुढे दोन वर्षांनी दिवाळीला मी गावी गेलो. भावाची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. अंगणात पोरांनी किल्ला केला होता, माती-शेणाचा, वर मोहरी पेरलेली. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, पोरगी इचारती, किल्ल्यावर समद्यांचे मावळे हायत, माजे आबा का न्हाईत? आता काय सांगू तिला?"

मी पाटणच्या बाजारातून प्लॅस्टिकचा एक शिपाई आणला. चार बोटं उंच, टणक प्लॅस्टिकचा, हिरवागार, तोंडावर नाक तेवढं ओळखू येणारं. साचा जुळतो तिथे दोन्ही बाजूंना धारेसारखी रेघ होती, ती ब्लेडने तासली. डोक्यावरचा हेल्मेटसारखा टोप सुई तापवून कापला आणि त्या जागी लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून तिरपी टोपी केली, कारण भाऊ सुट्टीवर येताना तशीच घालून येई. लांबीचाच एक तांदळाएवढा तुकडा मिशीसाठी लावला.

मग रिठ्याच्या पाण्याने धुतला. साच्याला तेल लावतात, ते अंगावर राहतं आणि रंगाला धरू देत नाही. सुकल्यावर अगदी बारीक पॉलिशपेपरने घासून चकाकी घालवली. अस्तराला चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून त्याचा पातळ हात दिला. लोखंडाचं अस्तर इथे उपयोगाचं नाही, आणि गाड्यांच्या रंगाचं थिनर तर टणक प्लॅस्टिकला लावूच नये. ते प्लॅस्टिक खातं. वरून डबीतला तेली रंग दिला. भावाचा वर्ण जुळवायला वेळ गेला. तपकिरीत पिवळा घातला तर तो काविळीचा दिसे, तांबडा घातला तर साहेब दिसे. शेवटी काळ्याचा एक ठिपका घातल्यावर तो घरचा दिसू लागला. रंग सुकल्यावर धरून राहावा म्हणून पुन्हा लाखेचाच हात दिला. अंगणातल्या किल्ल्यावर दिवाळीपुरतं उभं राहायला तेवढं पुरेसं होतं.

पोरीने तो किल्ल्याच्या दरवाजावर उभा केला. वहिनी येता-जाता पाहत. एकदा मला म्हणाल्या, "मान अशीच धरत्यात बगा. जरा डावीकडं." मान मी काही केली नव्हती, साच्यातच तशी होती. पण ते सांगितलं नाही.

भाऊबीज झाल्यावर किल्ला मोडला. मी सांगलीला परतलो. पुढच्या सुट्टीला आलो तर शिपाई देव्हाऱ्यात होता.

आमच्याकडे देव्हाऱ्यात देवांबरोबर टाक असतात, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले. घराण्यात लढाईत गेलेल्या पुरुषांचेही टाक असतात, त्यांना वीर म्हणतात. रोज देवांबरोबर त्यांना आंघोळ घालायची, गंध लावायचं, आणि धुळवडीला वाजतगाजत नदीवर न्यायचं. जो देव्हाऱ्यात बसला तो गेला, त्यात दुमत नसतं. आईने आपल्या मुलाला तिथे, जुन्या वीरांच्या रांगेत, प्लॅस्टिकचा उभा केला होता.

आई त्याला रोज आंघोळ घालत होती. बाकीच्या टाकांसारखंच चिंचेच्या कोळाने घासत होती, वर दूध, दही, हळद. लाखेला पाणी चालत नाही. ती पांढरी पडते. शिपायाला भस्म फासल्यासारखं झालं होतं, मिशी गेली होती, आणि नाकाच्या शेंड्यावर खालचा हिरवा दिसू लागला होता.

"रं," आई म्हणाली, "पक्का रंग देऊन आन की ह्याला. पान्यानं जातोय."

"रोज चिंचेनं घासल्यावर जाणारच."

"मंग द्येवाला काय कोरडं ठिवायचं व्हय?"

थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, तिथेच बसले होते. घरातला शब्द त्यांचा चाले. गावात दुसऱ्या भावकीत दोन नवे वीर बसले होते आणि धुळवडीला त्यांच्यापुढे जास्त मोठा ताशा वाजे, हे तात्यांच्या मनातून जात नव्हतं. ते म्हणाले, "शिमग्याला ह्याला नदीवर काढायचा. तवर झाक करून आन. आरं, तिकडं एवढे मोठाले पंप रंगवताय, आन् बोटाएवढा शिपाई जमंना व्हय?"

संध्याकाळी गोठ्यापाशी वहिनींनी मला गाठलं. सरळ बोलल्या.

"भावजी, त्याला आता काय लावू नगा."

मी हातातली वैरण खाली ठेवली.

"निघतोय तर निघू द्या रंग. समदा निघाला की आत्याबाईंना बी दिसंल, बाजारचं खेळणं हाय म्हनून. मंग काढतील. तुमी पक्का करून दिलासा तर ते तितंच ऱ्हायचे." मग म्हणाल्या, "जित्या मानसाला कोन देव्हाऱ्यात बसवतं का?"

मला तेव्हा नीट कळलं की प्रश्न रंगाचा राहिलेला नाही. शिमग्याला शिपाई नदीवर निघाला की गावापुढे भाऊ वीर झाला. मग वहिनींच्या कपाळावर कुंकू ठेवायला कोणी तयार झालं नसतं. सरकारने जे ठरवलं नव्हतं ते वॉर्निशच्या एका हाताने ठरणार होतं.

आणि तो हात देणं मला जमत होतं. सगळा रंग उतरवायचा, नवं अस्तर, तेली रंगाचे दोन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा, वर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं कोपल वॉर्निश. चिंच वापरायची नाही एवढं आईने पाळलं असतं तर पाच-सात वर्षं त्याला काही झालं नसतं. नाही जमत असं सांगून सुटता आलं असतं. मला ते करवलं नाही. खोटं बोलायची सवय नाही, आणि कामाबद्दल तर मुळीच नाही.

सकाळी मी आईला म्हणालो, "पक्का होईल. पण मी लावणार नाही."

"का म्हनून?"

"दादा मेलाय असं कोणी कळवलेलं नाही."

आई देवांपुढून उठली नाही. पाठमोरीच म्हणाली, "तुला कळवायला यील व्हय कोन? मला कळलंय."

तात्या म्हणाले, "बायकांच्या नादानं चाललाय त्यो. वहिनी सांगती, ह्यो ऐकतोय."

या बोलण्यात जो घाणेरडा वास होता तो सगळ्यांना आला. मी पहिल्या गाडीने सांगलीला गेलो.

मग तात्या स्वतः शिपाई घेऊन साताऱ्याला गेले. तिथे ट्रक रंगवणारा एक जण त्यांच्या ओळखीचा होता. त्याचा दोष नाही. तो पत्र्याचा माणूस. त्याने शिपायाला पत्र्याचं अस्तर मारलं, वर गाडीचा रंग फवारला आणि वर चकाकीचा हात दिला, सगळं थिनरमध्ये कालवलेलं. थिनर आपलं काम करत राहिलं. तात्यांनी ओल्यातच शिपाई रुमालात गुंडाळला, कारण त्यांना एसटी गाठायची होती.

शिमग्याला मी गावी आलो तेव्हा घरात भावकी जमली होती. ताशेवाले अंगणात ताशे शेकत होते. तात्यांनी सगळ्यांसमोर रुमाल सोडला. रुमाल सुटेना, चिकटला होता. ओढून काढल्यावर आत ट्रकच्या हिरव्या रंगाचा चकचकीत शिपाई होता आणि त्याला तोंड नव्हतं. नाक, डोळे, टोपी सगळं एकात एक वितळून गळ्यापर्यंत ओघळलं होतं, आणि त्यावर रुमालाच्या विणीचा ठसा उमटला होता.

आईने तो हातात घेतला. उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला.

"ह्यो माजा न्हवं," ती म्हणाली.

मागे दारात वहिनी उभ्या होत्या. त्या हसल्या. मोठ्याने नाही, पण ऐकू आलं. सासूपुढे, भावकीपुढे, मुलाचं तोंड वितळलेलं असताना सून हसली, हे गावाने पुढे कितीतरी दिवस चघळलं. मला ते हसणं समजलं होतं. त्या एवढ्याशा वेळेपुरता त्यांचा नवरा वाचला होता.

तात्यांचं तोंड लाल झालं. पण ते हार मानणारे नव्हते. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "न्हाईतरी ह्ये पोरखेळच. चांदीचा करू. सोनारानं ठोकलेला. त्याला ना रंग, ना काय."

त्या धुळवडीला आमच्या दारातून जुनेच वीर निघाले. अक्षयतृतीयेच्या आत टाक तयार होऊन आला. मी तो पाहिला. सोनाराकडे ठसा एकच असतो: घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. माझा भाऊ आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता. लष्करात तो बिनतारी खात्यात होता. तोंडाच्या जागी एक टेंगूळ आणि त्यावर दोन टिंबं, एवढंच. शिपायाचं तोंड बिघडलं म्हणून हा माझा नव्हे म्हणणाऱ्या आईने, ज्याला मुळात तोंडच नव्हतं तो टाक छातीशी धरला आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. ते रडणं खरं होतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

टाकाची प्रतिष्ठा करायला भटजींनी तिथी विचारली. गेल्याची तिथी कोणालाच माहीत नव्हती. तात्या म्हणाले, सर्वपित्रीची धरा. मी म्हणालो, ज्याला तिथी नाही त्याचं मरण तुम्ही कशावरून काढलं? भटजी माझ्याकडे न बघता पुढचं सामान मांडू लागले.

प्रतिष्ठेच्या आधी बायका वहिनींच्या खोलीकडे गेल्या. काय करायला, हे सांगायला नको. खोली रिकामी होती. पहाटेच्या गाडीने त्या मुलीला घेऊन आष्ट्याला माहेरी निघून गेल्या होत्या. परत आणायला कोणी गेलं नाही. मी दोनदा भेटून आलो. त्या शिवणकाम करत. कपाळावर कुंकू होतं, आणि माहेरची भावजय त्यावरून टोचून बोले तेही माझ्यासमोरच. "आमच्या घरात एक कायमची नवी नवरी हाय," असं ती म्हणे.

तात्या पुढल्याच वर्षी गेले. आई त्यानंतर चार वर्षांनी पावसाळ्यात गेली. तिच्या तेराव्याला वहिनी आल्या. दारात पाऊल ठेवलं तेव्हा कुंकू तसंच होतं, आणि ओसरीवरचं बोलणं एकदम थांबलं. त्या सरळ देवघरात गेल्या. मी मागोमाग गेलो. देव्हाऱ्यात आमचे सगळे टाक ओळीने होते.

"ह्यातले ते कोनचे, भावजी?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. सगळे एकाच ठशाचे, घोडा आणि तलवार. नवा निराळा चमकेल असं वाटलं, पण आईने पाच वर्षं रोज चिंचेने घासून त्याची झिलई जुन्यांसारखीच केली होती. वजनावरून कळेल म्हणून मी दोन उचलून पाहिले. मग तिसरा उचलला. मला सांगता आलं नाही.

वहिनींनी माझ्या हातातला टाक परत ओळीत ठेवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

बाहेर पंगत बसत होती. त्यांना सवाष्णींच्या ओळीत बसवायचं की नाही यावर बायकांची कुजबुज चालली होती. मी त्यांच्यासाठी त्याच ओळीत पाट मांडला. शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. वहिनींनी पदर सारखा केला, पाटावर बसल्या आणि वाढणाऱ्याची वाट पाहत राहिल्या.