बाबांच्या हिरड्या आणि माझी मुंबई

बाबांच्या हिरड्यांखाली जंतू परत यावेत, अशी घरात फक्त माझीच इच्छा होती.

बाबांना पायोरिया झाला होता. मुंबईच्या दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांखाली बारीक आकड्यांनी खरवडून सगळं साफ केलं आणि निघताना बजावलं, "हे जंतू चिवट असतात. वरून हिरडी छान दिसते, खाली पुन्हा वस्ती होते. रक्त दिसलं की लगेच या." बाबांचा चेहरा पडला. माझा उजळला.

कारण मुंबईत फ्रेनी होती. सबंध कॉन्व्हेंटमध्ये मी मोकळेपणानं बोलले ती या एका मैत्रिणीशीच. शाळा संपली आणि मी दिघीला आले. बाबा बंदरावरची जकात बघत, आत्या घर बघे आणि मी खाडी बघत असे. माझं इंग्रजी कोंबड्यांपुरतं उरलं होतं (त्याही उत्तर देत नसत). मैत्रिणीला भेटायला मुलीला आगबोटीनं न्यायचं, हे आमच्याकडे कारण धरलं जात नसे. हिरड्या मात्र कारण होत्या.

मग मी रोज सकाळी आरसा घेऊन बाबांपुढे उभी राहू लागले. "बाबा, आ करा." आत्याला गहिवरून येई. पोर बापाला किती जपते, असं ती दारावर आलेल्या पारू कोळणीला सांगत होती, तेव्हा पारू टोपली उतरवत म्हणाली, "व्हय तर. सवताचं त्वांड उघडत न्हाय, बापाचं रोज उघडती."

पण खरवडण्याच्या धास्तीनं बाबांनी मिठाच्या गुळण्या, बाभळीची साल, बोटानं मालिश असा सपाटा लावला. हिरड्या तान्ह्या बाळासारख्या गुलाबी! आत्यानं देवापुढे साखर ठेवली. मी ही बातमी कोंबड्यांना इंग्रजीत सांगितली.

बरं वाटू लागल्यावर मात्र बाबांनी आधी साल सोडली, मग गुळण्या. एके दिवशी त्यांनी पेरूचा चावा घेतला आणि पेरूवर लाल डाग उमटला.

"रक्त!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. वर टाळीही वाजली.

बाबांनी पेरू खाली ठेवला. "काय गं, बापाला रक्त आलं म्हणून टाळ्या?"

"डास होता," मी म्हणाले.

मुंबईच्या आगबोटीत बाबा गाल धरून बसले होते. मी फ्रेनीला सांगायच्या गोष्टी मनात ओळीनं लावत होते. दुपारी तिच्या घरी चहा, सकाळी परतीची बोट, वेळ तेवढाच. डॉक्टर बाबांना खरवडत असताना मी कोपऱ्यात बसून हसत होते. एरवी मी ओठ मिटून हसते, त्या दिवशी भान राहिलं नाही. डॉक्टर हात धुता धुता थबकले.

"तुम्ही जरा या खुर्चीत बसता का?"

रोज बापाच्या तोंडात डोकावले, आरसा स्वतःकडे एकदाही वळवला नव्हता. माझ्या हिरड्यांखाली बाबांपेक्षा दाट वस्ती निघाली! खरवडून, गालांत कापूस भरून डॉक्टर म्हणाले, "आज बोलायचं नाही."

चहाला फ्रेनीनं केक एकटीनं खाल्ला आणि एकटीच बोलली. मी कापसाआडून मान हलवत राहिले. दारात निरोप देताना तिनं माझे दोन्ही हात धरले.

"किती दिवसांनी पोटभर गप्पा झाल्या, नाही?"

मी मान हलवली.

दिघीला परतल्यापासून मी दोन्ही वेळा दात घासू लागले, गुळण्याही करू लागले. बाबांना मात्र कधी आठवण केली नाही.