पेवात सोडलेला कंदील

आमच्या मिरजेच्या खोलीत कागद यायचा तो वाण्याच्या पुडीचा. वडील जंक्शनवर हमाल. आई हंगामात सांगलीच्या पेठेत हळद निवडायला जायची, एरवी मिळेल ते काम. संध्याकाळी चूल पेटेल की नाही हे वडील दारात आल्यावर कळायचं. पण मिरचीची पुडी सोडली की आई तो कागद मांडीवर घासून सरळ करायची आणि माझ्यापुढे धरायची. "बघ रं, काय लिवलंय." वाचताना डोळे चुरचुरायचे. मी असाच वाचायला शिकलो, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला.

कॉलेज सांगलीला. तिथल्या एका वाचनालयात मला आप्पा भेटले. आप्पा हळदीचे व्यापारी, जैन, धोतराच्या काठापर्यंत हळदीचा वास. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवलं.

"कुणाचा रं तू?"

"मिरज स्टेशनवरच्या हमालाचा."

"वाचतोस, का वाचल्यासारखं करतोस?"

"वाचतो."

"मग बस हितं."

वाचनालयाचा कारभार त्यांच्याकडे होता, पण जीव एकाच फळीवर. चंद्रावर जाणारी विमानं, पाताळात उतरणारी यंत्रं, हजार वर्षांनंतरची माणसं असल्या कादंबऱ्यांचं त्यांना वेड. "आमचा धंदा वायद्याचा," ते म्हणायचे, "उद्यावर चालणारा. मग बुकं पण उद्याचीच वाचायची." तेव्हा असली कादंबरी कुणी प्रकाशक घेत नसे. एखादा मास्तर, एखादा ओव्हरसियर ती स्वतःच छापून घ्यायचा आणि एक प्रत आप्पांना पाठवायचा. आप्पांनी दाराजवळच्या शिफारशीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक फलटण-विट्यापर्यंतची वाचनालयं मागवत. फळीवर न चढलेलं लेखकाच्या खाटेखाली गठ्ठ्यात पडून राही. त्यामुळे आप्पांच्या एका शब्दावर काय अवलंबून आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आप्पांना सगळ्यांत जास्त.

त्यांची पारख पेवावरून आलेली. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवतात. पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नाही, आतली हवा जीव घेते. आधी कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच उतरायचं. आप्पा पुस्तकाचं तसंच करायचे. स्वतः आधी वाचायचे नाहीत. कुणा वाचणाऱ्याला द्यायचे आणि आठ दिवसांनी पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावायचे. सांगणारा अडला की कंदील विझला. पुस्तक परत.

मीही त्यांचा कंदील झालो. एकदा चंद्रावरच्या स्वारीची कादंबरी सांगत होतो.

"पुढं?" आप्पा.

"पुढे ते परत येतात."

"कसं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग तू कशाला घाबरतोस गड्या? लेखकच तिथं अडकलाय. ठीव बाजूला."

दुसरी एक मंगळावरची होती. तिच्यातल्या राजाचं भाषण मी पाठ करून म्हणून दाखवलं. आप्पा पोट धरून हसले. "मंगळावरचा राजा आणि पुण्याची भाषा! तिकडं बी तीच मंडळी पोचली व्हय?"

पण परत पाठवताना ते हसायचे नाहीत. पुस्तक कोऱ्या फडक्यात बांधायचे आणि गाठीत एक हळकुंड घालायचे. "लिवणाऱ्याच्या घरी नुसता नकार जाऊ ने," म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन दिवसांत फलटणच्या एका ड्रॉइंग मास्तरांची कादंबरी आली. कागद मिळत नव्हता, तरी कुठून कुठून जमवून त्यांनी छापली होती. पानं तीन-चार रंगांची. आप्पांनी ती रजेवर आलेल्या एका हवालदाराला दिली. हवालदार आमच्याच बाजूचा, बोलका, पलटणीतल्या गोष्टी सांगू लागला की वाचनालयातली माणसं उठत नसत. असा कंदील आप्पांना दुसरा मिळाला नसता.

आठ दिवसांनी हवालदार आला, बसला आणि पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"सांगा, हवालदार."

"सांगण्यासारखं काय न्हाई, आप्पा."

"काईच घडत न्हाई?"

"एक माणूस हाय. लय लांब. एकटाच." तो पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवू लागला. "काय घडत न्हाई, पण…"

"मग राहू द्या," आप्पा म्हणाले. हवालदार उठला आणि रामराम घालून गेला. त्या आठवड्यात त्याची रजा संपली. पुस्तक फडक्यात बांधलं गेलं, हळकुंडासकट. नियमाप्रमाणेच झालं. कुणी कुणावर अन्याय केला असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

लढाई संपली. हवालदार परत आला नाही. मी शेवटच्या वर्षाला होतो. एके दिवशी आईने जिऱ्याची पुडी सोडली, कागद मांडीवर घासला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. कागद निळसर होता, फलटणच्या मास्तरांच्या त्या रंगीत कादंबरीतला. मी वाचलं आणि तसाच सांगलीला गेलो.

त्या पानावरचा माणूस दूरच्या एका ग्रहावर एकटा असतो. त्याच्याकडे एक मोठा आरसा आहे. त्यात त्याला आपलं गाव दिसतं, पण कित्येक वर्षांपूर्वीचं, कारण उजेडाला तिथवर पोचायला तेवढी वर्षं लागतात. आरशात त्याची आई अंगणात पापड वाळत घालते आहे. ती केव्हाच गेली हे त्याला माहीत आहे. तिच्या मरणाचा दिवस उजेडातून रोज थोडा थोडा जवळ येतो आहे, आणि आरसा फिरवायचा की बघत राहायचं हे त्याला ठरवायचं आहे.

आप्पांनी ते पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, "हवालदाराची आई तो लढाईवर असताना गेली. तिचं पत्र तिच्या मागनं पोचलं त्याला. मला ठावं होतं रं." पान हाताने सपाट करत म्हणाले, "कंदील विझला न्हवता. मीच झाकण लावलं."

आम्ही फलटणला गेलो. मास्तर मुलांसाठी आंब्याचं चित्र काढत बसले होते. पेन्सिलींच्या डब्यात आमचं हळकुंड. प्रती रद्दीत गेल्या होत्या, हस्तलिखित बंबात.

"परत छापू, मास्तर. खर्च माझा. तुमी फक्त लिवून द्या."

"आप्पा, तेच दोनदा लिहिता येत नाही."

"निदान शेवट सांगा. आरसा फिरवतो का तो?"

मास्तरांनी आंब्याच्या देठापाशी थोडी सावली भरली. "ते मीच मुश्किलीने विसरलोय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आप्पांना सोसला असता. मास्तरांनी चहा केला, आम्ही प्यायलो आणि उठलो.

त्यानंतर आप्पा सांगली-मिरजेतल्या वाण्यांच्या दारात उभे राहू लागले. रंगीत कागद दिसला की त्यातलं जे असेल ते घ्यायचे. घरात ओवा, जिरं, बडीशेप डब्यांत मावेना. आप्पांच्या बायको, अक्का, मला म्हणायच्या, "सगळ्या गल्लीचं पोट दुखलं तरी एवढा ओवा संपायचा न्हाई. तुमी तरी सांगा की ह्यांना." मी काय सांगणार? माझी आईही पुड्या घासून सरळ करत होती आणि वडील स्टेशनवर भज्यांचे कागद वेचत होते. पानं येत गेली, तेलकट, तिखट लागलेली. शेवटचं पान आलं नाही. छापखान्यातले अक्षरांचे खिळे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले होते.

मी बी.ए. झालो तेव्हा आप्पा अंथरुणाला खिळले होते. पेढे हातात घेऊन म्हणाले, "आता तू शिकलेला. सांग, फिरवतो का आरसा?"

मी खूप प्रयत्न केला. काहीतरी जुळवून सांगावं असंही वाटलं. "मला सांगता येत नाही, आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. यावेळी "मग राहू दे" म्हणाले नाहीत. मी उठेपर्यंत माझा हात धरून ठेवला. पावसाळ्याआधी ते गेले.

पानं मी बांधून घेतली. ते पुस्तक आता दाराजवळच्या शिफारशीच्या फळीवर आहे. वाचून परत आणणाऱ्याला आम्ही वाचनालयातली माणसं गोष्ट सांगायला लावत नाही. मधली काही पानं नाहीत, शेवटचंही नाही.